पद्मिनी, अँबॅसडर, जीप: जुनी गाडी ऑनलाइन घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्यांचा नाद लागलेला माणूस ओळखायला सोपा. रात्री साडेअकरा वाजता घरचे झोपलेले असतात आणि हा अंथरुणात मोबाइल धरून 'पद्मिनी, सिंगल ओनर, पेपर क्लिअर' वाचत पडलेला असतो. मीही त्यातलाच. आजवर दोन गाड्या घेतल्या, एक विकली आणि एकदा पंधरा हजार रुपये पाण्यात घातले. ते पंधरा हजार गेल्यापासून मित्रमंडळी मला जाहिरातींच्या लिंका पाठवून "जरा बघ रे ही" म्हणायला लागली, जणू काही बुडालेला माणूसच पोहायला शिकवू शकतो. त्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

जाहिरात खोटी आहे हे नुसती बघून कळतं का?

पुष्कळदा कळतं. आधी नाव आणि साल जुळतंय का ते बघा. 'प्रीमियर पद्मिनी १९६८' अशी गाडीच नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून तेव्हा फियाट ११०० डिलाइट निघत होती, पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमाराला आलं. 'अँबॅसडर १९५५' म्हणजे फार तर तिच्या आधीचं मॉडेल, लँडमास्टर असेल. 'मारुती ८००, १९८२' तर शक्यच नाही, कारण पहिल्या गाडीची चावी १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली. अशी चूक दिसली की विकणारा चोरच आहे असं समजू नका. बऱ्याच वेळा तो नुसता अडाणी असतो, काकांची गाडी विकत असतो. पण आरसीवर नेमकं काय लिहिलंय हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा.

मग फोटो. गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच फोटो कोइंबतूरच्या, लखनौच्या आणि नागपूरच्या अशा तीन जाहिरातींत दिसला तर गाडी कुठेच नाही. मागे दिसणारी दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे ते बघा. नाशिकची म्हणून सांगितलेली गाडी तेलुगू पाटीखाली उभी असेल तर ती तिथे का होती ते विचारा. सगळे फोटो एकाच बाजूने काढलेले असले तर दुसऱ्या बाजूला काहीतरी आहे, हे मी पैज लावून सांगतो.

आणि किंमत. चालू स्थितीतली, कागद नीट असलेली गाडी बाजारभावाच्या निम्म्याने कोणी देत नाही. हल्ली खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही गोठ्यातल्या जीपची किंमत ठाऊक असते. नातू मोबाइलवर दाखवतो.

"साहेब, मी आर्मीत आहे, बदली झाली म्हणून विकतोय." हा माणूस खरा असू शकतो का?

खरे फौजीही गाड्या विकतात. पण हा डाव इतका जुना झालाय की मी आता 'पोस्टिंग' शब्द ऐकला की फोन ठेवतो. पद्धत ठरलेली: लष्कराचं किंवा सीआयएसएफचं ओळखपत्र आणि कँटीन कार्ड आपणहून पाठवायचं, गाडी छावणीच्या आत आहे म्हणून बघता येणार नाही म्हणायचं, मग 'गाडी आर्मी ट्रान्सपोर्टने निघाली' असा निरोप आणि आधी गेट पासचे, मग जीएसटीचे, मग विम्याचे पैसे. ते म्हणे परत मिळणार असतात. पाठवलेलं ओळखपत्र दुसऱ्याच कुणाचं तरी चोरलेलं असतं. न मागता ओळखपत्र दाखवणारा खरा विकणारा मला तरी बाजारात कधी भेटलेला नाही.

याचंच दुसरं रूप 'आर्मी डिस्पोजलची जीप'. लष्कर जुन्या गाड्या लिलावात काढतं हे खरं. पण मग लिलावाची कागदपत्रं असतात, रिलीज ऑर्डर असते, आणि नंतर आरटीओत नोंदणी होऊन नंबर मिळालेला असतो. 'पेपर नंतर करून देतो' म्हणजे पेपर नाहीत.

बघण्याआधी टोकन द्यावं का?

नाही. किती आकर्षक गाडी असली तरी नाही.

माझे पंधरा हजार असेच गेले. कोल्हापूरकडची डुक्कर फियाट होती, तीच ती गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणारी. माणूस बोलायला अतिशय सभ्य. "दादा, सोलापूरचे एक गृहस्थ उद्या सकाळीच येतायत, तुमचं मन असेल तर थांबवतो त्यांना." मी थांबवलं. रविवारी पहाटे पुण्याहून निघालो, साताऱ्याला मिसळ खाल्ली, कराडला फोन लावला तर बंद. दिलेल्या पत्त्यावर रसवंतीगृह होतं. मालक भला होता. म्हणाला, "या महिन्यात तुम्ही तिसरे," आणि रसाचे पैसे घेतले नाहीत.

गाडी समोर बघून, कागद हातात घेऊन इसार द्यायचा असेल तर जरूर द्या. पण इसार पावती करा. तीत गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, किती दिवसांत व्यवहार पूर्ण करायचा आणि कागदात खोट निघाल्यास इसार परत, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या.

तो म्हणतो, "क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, तुमचे पैसे परत येतील."

येणार नाहीत, जातील. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी काहीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून निघणार आहेत, एवढं लक्षात ठेवा. तसंच 'गाडीची आरसी बघा' किंवा 'आरटीओ चलान' म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल आली तर तिला हात लावू नका. आरसी म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. ती बघायला अॅप टाकावं लागत नाही. ती फाइल उघडली की फोनमधले ओटीपी परस्पर दुसरीकडे जायला लागतात.

सरकारच्या एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला, पण काहीच दिसत नाही. म्हणजे गाडी बोगस?

घाई करू नका. आरटीओच्या नोंदी संगणकावर यायच्या आधीच्या कितीतरी गाड्या अजून जाड वह्यांमध्येच आहेत. मालकाने मधल्या काळात आरटीओत काही कामच काढलं नसेल तर नोंद 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत चढलेलीच नसते. ती चढवून घ्यावी लागते, त्याला आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात. हे काम विकणाऱ्याने करायचं, तुम्ही नाही, आणि गाडी घेण्याआधी करायचं. "तुमच्या नावावर करताना एकदमच होऊन जाईल" हे वाक्य मी किमान चार जणांकडून ऐकलंय. त्यातल्या दोन गाड्यांची मूळ नोंद आरटीओच्या वहीतही सापडली नाही.

नोंद दिसली तर मग नीट वाचा. इंधन, रंग, नोंदणीची तारीख, वैधता कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, काळ्या यादीत आहे का. बोजा असेल आणि ती सहकारी बँक कधीच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल, तर ना हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळवताना विकणाऱ्याची दमछाक होते. होऊ द्या. ती दमछाक तुम्ही विकत घेऊ नका.

गाडी चोरीची आहे का याची चौकशी डिजिटल पोलीस पोर्टलवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून करता येते.

गाडी १९७२ ची म्हणतो, पण नंबर एमएच-१२ चा आहे. हे कसं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि सगळ्यात आधी हाच विचारायला हवा. एमएच-१२, एमएच-०९ हे नंबर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर आले. तो कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे अशी पद्धत होती. म्हणजे १९७२ च्या गाडीवर एमएच नंबर असेल तर मधे कधीतरी तिला नवा नंबर मिळालाय. याची रास्त कारणं असतात: दुसऱ्या राज्यातून आली, लष्करातून आली, सरकारी खात्याच्या लिलावातून आली. तेव्हाचा कागद मागा. कागद असेल तर काहीच हरकत नाही. नसेल तर भंगारात गेलेल्या दुसऱ्याच एखाद्या गाडीचे कागद या गाडीवर चढवले असण्याची शक्यता धरून चाला.

जुनं आरसी पुस्तक मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्यात प्रत्येक मालकाची शाईने केलेली नोंद, शिक्का आणि तारीख असते. 'सिंगल ओनर' गाडीच्या पुस्तकात एकदा मला सात नावं मोजता आली.

चेसिस नंबर तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

बॉनेटखाली रिव्हेटने बसवलेली पाटी असते, तिच्यावर विसंबू नका, कारण पाटी काढून दुसरीकडे लावता येते. गाडीच्या पत्र्यावर किंवा चेसिसवर ठोकलेला नंबर शोधा, घाण पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा. आरटीओतही फॉर्मवर असाच चेसिस प्रिंट लागतो. ठसा आरसीशी अंक न अंक पडताळून बघा. आजूबाजूचा पत्रा घासलेला, वेल्डिंग केलेला किंवा तेवढ्याच भागात रंग नवा असेल तर तिथूनच परत फिरा. इंजिन बदललेलं असू शकतं, पन्नास वर्षांत ते होतंच. पण बदललं असेल तर आरसीवर तशी नोंद हवी.

'ओरिजिनल विलीज, दुसऱ्या महायुद्धातली' ही जाहिरात खरी मानावी का?

महाराष्ट्रात अशा जाहिरातींतल्या बहुतेक जीपा महिंद्राच्या निघतात. त्यात वाईट काही नाही, फक्त दाम विलीजचे लावलेले असतात. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या जाळीला नऊ खाचा असतात, नंतरच्या नागरी सीजे जीपांना सात. एमबीचे हेडलाइट बिजागरीवर उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो. बॉनेट बुटकं आणि चपटं असतं. आपल्याकडे सर्रास दिसणारी उंच बॉनेटची जीप म्हणजे सीजे-३बी. जाळी बदलता येते हेही खरं, म्हणून नऊ खाचा मोजून लगेच हुरळून जाऊ नका. चेसिस आणि इंजिनही बघा. एमबीचं इंजिन साइड वॉल्व्हचं असतं, म्हणजे वॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला असतात.

हरियाणातल्या मंडी डबवालीहून येणाऱ्या चकचकीत उघड्या जीपांबद्दलही विचारणा होते. दिसायला झक्कास. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलंय. आरसी एका गाडीची, इंजिन दुसरीचं, बॉडी तिसऱ्याच वर्कशॉपची, अशी जीप नावावर करायला गेलात की निरीक्षकासमोर उभे तुम्ही असता, विकणारा नाही.

दिल्लीच्या गाड्या एवढ्या स्वस्त का? घ्याव्यात का?

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे निर्बंध आले. पुढेही त्यात फेरफार होत राहिले. त्यामुळे तिथे कोंटेसा, एस्टीम, जुन्या जिप्सी पडेल भावात दिसतात. गाडीला परराज्यात न्यायचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हातात असेल आणि तो दाखला महाराष्ट्रासाठी असेल तरच पुढे जा. नोंदणी रद्द झालेली गाडी इथे आणून 'चालू करून घेता येते' असं सांगणारे एजंट भेटतील. त्यांची फी आधी असते, गाडी चालू होणं नंतर. शिवाय इथला रस्ता कर, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर धरला की स्वस्ताई बरीचशी विरते.

विकणारा म्हणतो, "आजोबांची गाडी आहे, आजोबा गेले." मग?

मग सगळ्या वारसांना भेटा. मयत माणूस गाडी विकू शकत नाही, आणि एकटा नातूही नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी एका वारसाच्या नावावर व्हायला हवी; मग त्याने तुम्हाला विकावी. आजोबांची सही असलेला कोरा फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची आरटीओला द्यायची सूचना, कोणी पुढे केला तर तारखा बघा. माझ्या एका मित्राला दाखवलेल्या फॉर्मवरची सही आजोबा गेल्यानंतर चार वर्षांनी छापलेल्या फॉर्मवर होती.

इथे लबाडी असतेच असं नाही. पण एखादी आत्या नंतर उगवते आणि म्हणते, "माझ्या वडिलांची गाडी मला न विचारता विकली." तिचं चुकतं असंही नाही.

सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन ठेवले आणि नंतर सवडीने नाव केलं तर?

एजंट लोक याला 'ओपन ट्रान्सफर' म्हणतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून शहाणा विकणारा स्वतःच मागे लागतो. जो विकणारा नाव बदलायची काडीचीही घाई करत नाही, त्याच्या नावावर ती गाडी आहे का, हे आधी बघा.

"विंटेज नंबर काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवावा का?

नियम माहीत असले की एजंटची गरजच उरत नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राहिलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. हे न सांगता 'विंटेज रजिस्टर्ड, रोज वापरा' म्हणणारा एक तर खोटं बोलतोय किंवा त्याने स्वतःचीच आरसी वाचलेली नाही. १९८५ ची पद्मिनी अजून विंटेज नाही, कुणी कितीही शिक्के दाखवले तरी.

मुंबईच्या टॅक्सीतली पद्मिनी खाजगी म्हणून विकतात का?

विकतात. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी गेली, आणि त्या आसपास 'शेवटची टॅक्सी' म्हणून जाहिरातींना ऊत आला. शेवटच्या किती होत्या देव जाणे. टॅक्सीची खाजगी गाडी करायची तर परवाना रद्द होऊन आरटीओत वर्ग बदलावा लागतो. डिकीत सीएनजी टाकीच्या बोल्टांची भोकं आणि दाराच्या आतल्या कडेला रंगाखालून डोकावणारा काळा-पिवळा थर बघा.

'फुल्ली रिस्टोअर्ड' गाडी बघायला गेल्यावर काय बघावं?

आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन थंड ठेवा, आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी बराच वेळ धक्के मारत होतं.

मग चुंबक. फ्रिजला लावायचं साधं चालेल, कापडात गुंडाळून लावा म्हणजे रंगाला चरा पडणार नाही. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पद्मिनी आणि अँबॅसडरला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे खालचा पत्रा आणि दाराखालच्या पट्ट्या सडल्या असतील तर गाडीचा कणाच गेलेला असतो, वरचा रंग आरशासारखा असला तरी. पायातलं मॅट उचला. नव्या कार्पेटखाली मला एकदा थेट जमीन दिसली होती. कोकणातून किंवा मुंबईच्या समुद्राकाठून आलेल्या गाडीला हे दुप्पट लागू.

सोबत जुना मेकॅनिक न्या. तो गाडी बघून एक शब्दही बोलत नाही, नुसती मान हलवतो. तेवढं पुरतं.

मी परदेशात किंवा दूर राहतो, स्वतः जाऊ शकत नाही.

आधी व्हिडिओ कॉल करा आणि तुम्ही सांगाल ते त्याला करायला लावा: आता गाडी सुरू करा, रिव्हर्स घ्या, चेसिस नंबरपाशी कॅमेरा न्या, त्या दिवसाचा पेपर बॉनेटवर ठेवा. आधी काढलेला व्हिडिओ चालणार नाही. मग जवळच्या गावातल्या मेकॅनिकला तुम्ही पैसे देऊन पाठवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. वाहतूकदारही तुम्हीच शोधा. 'माझा ट्रान्सपोर्टवाला आहे' म्हणणाऱ्याचा ट्रान्सपोर्टवाला पुष्कळदा त्याचाच दुसरा मोबाइल नंबर असतो.

पैसे कसे द्यावेत?

आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच बँक खात्यात. मेव्हण्याच्या नाही, 'मॅनेजर'च्याही नाही. आधी एक रुपया पाठवून खात्यावरचं नाव बघा. एनईएफटी-आरटीजीएसलाही आता पैसे पाठवण्याआधी नाव पडताळता येतं. मोठी रक्कम मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्यासमोर सह्या झाल्यावर, गाडी आणि मूळ आरसी ताब्यात घेतानाच द्या. सगळं रोख मागणाऱ्याला सांगा की दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. निम्मे जण तिथेच आवाज खाली आणतात.

फसलो. आता?

लाजू नका, आणि आधी बायकोला समजावत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेने गोठवले तर परत मिळायची आशा असते, म्हणून इथे तासांचा हिशोब आहे. व्यवहाराचा क्रमांक, स्क्रीनशॉट, जाहिरात, चॅट काहीही पुसू नका. विकणाऱ्याला "मी पोलिसात जातोय" असंही कळवू नका, तो फक्त खातं लवकर रिकामं करेल. कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.

मी तक्रार दोन दिवसांनी केली होती. पंधरा हजार काही आले नाहीत. डुक्कर फियाट मात्र मिळाली, तीन वर्षांनी, सांगलीत, एका निवृत्त शिक्षकांकडे. त्यांनी आधी माझंच आधार कार्ड मागितलं.